मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

 

आजचा विषय गटागटांतून वारंवार विचारला जाणारा आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात येते, ‘तुमचा फोन धोक्यात आहे, आमचं व्हीपीएन घ्या, फुकट आहे.’ मग बायका विचारतात, ताई, हे व्हीपीएन टाकलं की आपले पैसे, आपले फोटो, आपला आधार नंबर सगळं सुरक्षित झालं का?

उत्तर आधीच सांगून टाकते. व्हीपीएन एक काम चांगलं करतं. पण आपल्या बायकांची फसवणूक बहुतेक वेळा ज्या वाटेनं होते, ती वाट ते अडवत नाही. म्हणून व्हीपीएन म्हणजे काय ते आज नीट समजून घेऊ. ते कधी घ्यावं, कधी घेऊ नये, आणि त्याच्याआधी कुठली दारं लावायची, तेही बघू.

आधी हे बघा, की फोनमधून माहिती जाते कशी. तुम्ही फोनवर काहीही केलं, म्हणजे कांद्याचा भाव बघितला, नातवाचा निकाल बघितला, बँकेत किती शिल्लक आहे ते बघितलं, की तुमच्या फोनमधून एक निरोप निघतो. तो आधी मोबाइल कंपनीच्या टॉवरकडे किंवा वायफायच्या डबीकडे जातो. तिथून कंपनीच्या तारांमधून, चार ठिकाणी हात बदलत, ज्या वेबसाइटला विचारलं तिच्याकडे पोचतो. उत्तर त्याच वाटेनं परत येतं.

पूर्वी हे निरोप पोस्टकार्डासारखे असायचे. पोस्टकार्ड ज्याच्या हातात पडेल त्याला वाचता येतं. आता बहुतेक वेबसाइटी आणि बँकांची सगळी ॲप निरोप बंद पाकिटातून पाठवतात. वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असं असतं, ती या बंद पाकिटाची खूण. मधल्या माणसाला पाकिटावरचा पत्ता दिसतो, पण आतली चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणजे तुम्ही अमुक बँकेच्या ॲपवर गेलात हे कळू शकतं, पण तुमचा पिन आणि शिल्लक कळत नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताही असतो. इंटरनेटवर जोडलेल्या फोनला एक आकडा मिळतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. त्यावरून समोरच्या वेबसाइटला तुमची मोबाइल कंपनी कळते, आणि तुम्ही साधारण कुठल्या भागातून बोलताय त्याचा अंदाज येतो. घर नंबर कळत नाही.

आता व्हीपीएन काय करतं? समजा, तुम्हाला एक पाकीट पाठवायचं आहे, पण गावच्या पोस्टात ते कुणाला लिहिलंय हेसुद्धा कळू द्यायचं नाही. तुम्ही ते पाकीट एका कुलूपबंद पिशवीत घालता आणि पिशवी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे धाडता. तो पिशवी उघडतो, तुमचं पाकीट काढतो, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून स्वतःचा पत्ता घालतो आणि पुढे टाकतो. गावच्या पोस्टाला एवढंच दिसतं की पुण्याला एक पिशवी गेली. पाकीट ज्याला मिळालं त्याला वाटतं की ते पुण्याहून आलं. तो पुण्याचा माणूस म्हणजे व्हीपीएनची कंपनी. ती कुलूपबंद पिशवी म्हणजे व्हीपीएन.

म्हणजे व्हीपीएनची कामं दोन. एक, ज्याच्या वायफायवर किंवा नेटवर तुम्ही आहात त्याला तुम्ही कुठे जाता ते दिसत नाही. दोन, समोरच्या वेबसाइटला तुमचा खरा आयपी ॲड्रेस दिसत नाही.

याचा उपयोग कधी? दुसऱ्याचं वायफाय वापरताना. मुंबई सेंट्रल स्टेशनवर जानेवारी २०१६ मध्ये फुकट वायफाय सुरू झालं, आणि आता देशातल्या हजारो स्टेशनांवर ते मिळतं. तालुक्याच्या हॉटेलात, लॉजवर, दवाखान्यात वायफाय असतं. प्रशिक्षणाला गेलो की हॉलच्या भिंतीवर पासवर्ड चिकटवलेला असतो. अशा ठिकाणी ते वायफाय कोण चालवतो ते आपल्याला ठाऊक नसतं. स्टेशनच्या नावासारखं नाव देऊन कुणी स्वतःचंच वायफाय चालू केलेलं असू शकतं. तिथे चांगल्या कंपनीचं व्हीपीएन कामाला येतं.

पण त्याहून सोपा आणि बिनखर्चाचा उपाय तुमच्या हातात आहे. पैशाचं काम करायचं असेल तर वायफाय बंद करा आणि स्वतःच्या सिमचा नेट चालू करा. दोन मिनिटांच्या कामाला नेट लागतो तरी किती? वायफायवर व्हिडिओ बघा, भजनं ऐका. हप्ता भरायचा तो मात्र आपल्या सिमवरून. बँकेचं ॲप पाकीट बंद करतंच, त्यामुळे स्वतःच्या सिमवरून काम करणाऱ्या बाईला व्हीपीएन नसलं तरी फारसं काही अडत नाही. उलट काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू असेल तर उघडतच नाहीत.

आता व्हीपीएन काय करत नाही, ते लक्ष देऊन ऐका.

तुम्ही कुणाला फोनवर ओटीपी सांगितला, तर व्हीपीएन थांबवत नाही. खोट्या वेबसाइटवर आधार नंबर भरला, तर व्हीपीएन तो नंबर चोराकडे जपून पोचवतं. पिशवी कुलूपबंद असली तरी ती चोराच्याच पत्त्यावर गेली ना! व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘योजनेची यादी’ म्हणून आलेली एपीके फाइल दाबून ॲप टाकलं, तर ते ॲप तुमच्या फोनच्या आत बसून तुमचे मेसेज वाचू शकतं. ते घरातच शिरलं, आता रस्त्यावर पहारा ठेवून काय उपयोग? फेसबुकवर तुम्ही स्वतःच्या नावानं आत जाता, तेव्हा फेसबुकला तुम्ही कोण ते ठाऊकच असतं. व्हीपीएन तिथे तुमचं नाव लपवत नाही.

आणखी एक, जे उघडपणे बोललं जात नाही. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, किंवा बाईचा फोन घरातलं कुणीही हातात घेतं. फोन हातात असलेल्या माणसाला व्हीपीएन काही लपवत नाही. काय बघितलं त्याची यादी, मेसेज, केलेले फोन, सगळं फोनमध्ये तसंच असतं. घरात त्रास असलेल्या बाईनं १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला, तर तो नंबर केलेल्या फोनच्या यादीत राहतो. भीती वाटत असेल तर तो यादीतून पुसता येतो, किंवा विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून बोलता येतं. व्हीपीएन आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

म्हणूनच मी म्हणते, नुसतं व्हीपीएन म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

आता त्या पुण्याच्या माणसाबद्दल बोलू. पिशवी त्याच्याकडे जाते, तोच ती उघडतो. म्हणजे गावच्या पोस्टाला जे दिसत नाही, ते सगळं त्याला दिसतं. मग तो माणूस कसा आहे, हा खरा प्रश्न. आणि तो हे काम फुकट का करतोय? सर्व्हर चालवायला पैसा लागतो. तुमच्याकडून घेत नसेल तर दुसरीकडून मिळवत असेल, जाहिरातीतून किंवा तुमचीच माहिती विकून.

याचं एक मोठं उदाहरण जगानं बघितलं आहे. ओनावो नावाची एक कंपनी होती. फेसबुकनं ती २०१३ मध्ये विकत घेतली. तिचं ‘ओनावो प्रोटेक्ट’ नावाचं फुकट व्हीपीएन ॲप होतं. प्रोटेक्ट म्हणजे रक्षण. लोकांनी रक्षणासाठी ते टाकलं. पण लोक कुठली ॲप वापरतात, किती वेळ वापरतात, ही माहिती त्यातून फेसबुककडे जात होती, आणि धंद्यात दुसऱ्या कोणत्या कंपन्या पुढे येताहेत हे बघायला ती वापरली जात होती. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून गेलं, २०१९ मध्ये गुगलच्या दुकानातूनही गेलं. आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं या प्रकरणात फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण माहिती गोळा होते हे लोकांना नीट सांगितलं नव्हतं. राखणीला ठेवलेल्यानंच घरातल्या वस्तू मोजून ठेवल्या, असा हा प्रकार.

आपल्या देशात व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. मोठ्या कंपन्या आणि बँका आपल्या कामासाठी ते रोज वापरतात. मात्र कधी कधी एखाद्या भागात प्रशासन तात्पुरती बंदी घालतं, जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत अशी बंदी घातली गेली आहे. आणि व्हीपीएनमागून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क अशी माहिती ५ वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. म्हणजे ‘आमच्याकडे कसलीच नोंद राहत नाही’ असं जाहिरातीत म्हटलेलं असलं, तरी ते जसंच्या तसं धरून चालू नये.

मग व्हीपीएन घ्यायचंच असेल तर कसं बघायचं? जाहिरातीतल्या किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीच घेऊ नका, फोनच्या प्ले स्टोअरमधूनच घ्या. कंपनीचं नाव, पत्ता दिसतो का ते बघा. आणि ते ॲप तुमचे फोटो, मेसेज, नंबरांची यादी मागत असेल तर तिथेच थांबा. पिशवी पोचवणाऱ्याला तुमच्या घरातलं कपाट उघडायचं काय काम?

आता दरवाज्याकडे वळू. घरात शिरायची दारं मला पाच दिसतात.

पहिलं दार आधारचं. कर्जाला, सिमला, योजनेला आपण आधारची झेरॉक्स देतो, आणि ती कुठे पडून राहते ते आपल्याला कळत नाही. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असं आणि तारीख लिहा. आधारच्या सरकारी वेबसाइटवरून झाकलेलं आधारही काढता येतं, त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे ते चालतं तिथे तेच द्या. आपल्या बोटाच्या ठशाला कुलूपही लावता येतं. पण लक्षात ठेवा, कुलूप असताना रेशन दुकानात किंवा बीसी सखीकडे अंगठा चालणार नाही, त्याआधी ते तात्पुरतं उघडावं लागतं. म्हणून कसं उघडायचं हे शिकल्याशिवाय लावू नका. आधारची हेल्पलाइन १९४७ आहे.

दुसरं दार ओटीपी आणि पिनचं. ओटीपी ही आपल्या घराची किल्ली आहे. बँकेचा साहेब, गॅसवाला, योजनेवाला, कुणालाही ती सांगायची नाही. आणि हे पाठच करा: यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की समजा, तो तुमच्याकडूनच काढतोय.

तिसरं दार खोट्या वेबसाइटचं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालू असताना तिच्या नावानं खोट्या वेबसाइटी निघाल्या होत्या. सरकारी वेबसाइटचं नाव बहुतेक वेळा ‘डॉट गव्ह डॉट इन’ नं संपतं. ते संपतं कशानं हे बघा, सुरुवात कशानं होते ते नाही. खोट्या वेबसाइटलाही एचटीटीपीएस असू शकतं. पाकीट बंद आहे एवढंच त्यावरून कळतं, घेणारा प्रामाणिक आहे हे कळत नाही. शंका आली तर लिंक दाबू नका, ग्रामपंचायतीत किंवा महा ई-सेवा केंद्रात जाऊन विचारा.

चौथं दार कर्जाच्या ॲपचं. ‘दोन मिनिटांत पाच हजार’ असं सांगणारं ॲप टाकताना ते फोनमधल्या सगळ्या नंबरांची आणि फोटोंची परवानगी मागतं. आपण ‘हो’ दाबतो. हप्ता चुकला की नातेवाइकांना, गटातल्या बायकांना फोन जातात, फोटोची छेडछाड करून धमक्या येतात. अशा बदनामीच्या भीतीनं देशात लोकांनी जीव दिले आहेत. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला, की कर्ज देणाऱ्या ॲपनं ग्राहकाच्या फोनमधली नंबरांची यादी, फाइली, फोटो आणि फोनची नोंद घ्यायची नाही. म्हणजे जे ॲप हे मागतंय ते नियम मोडतंय, एवढी एक खूण त्याला ओळखायला पुरे. गटाचं कर्ज दोन दिवस उशिरा मिळेल, पण ते अब्रू गहाण ठेवून घेतलं जात नाही.

पाचवं दार आपल्याच गटाचं. सीआरपी ताईंना कागद पाठवायचे म्हणून सगळ्या सभासदांच्या आधारचे, पासबुकांचे फोटो आपण गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्या ग्रुपवर वीस फोन आहेत. वीस घरांतली मुलं, माणसं ते फोन हाताळतात. एक फोन हरवला तरी वीस बायकांचे कागद बाहेर. म्हणून कागद ग्रुपवर टाकायचे नाहीत, ज्यांना हवेत त्यांनाच पाठवायचे, आणि काम झालं की पुसून टाकायचे. गटाची वही जशी सचिवाच्या पेटीत कुलूपबंद असते, तसंच हेही.

याशिवाय एक तपासणी करून घ्या. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आपण न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं. हरवलेला फोनही तिथून बंद करून घेता येतो.

एवढं करूनही कुणी फसलंच, तर काय करायचं? आधी १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर फोन कराल, तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. लगेच बँकेला कळवा आणि खातं थांबवायला सांगा. मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलं तर ग्राहकावर तोटा येत नाही. आणि ग्राहकानं ओटीपी दिलेला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर पुढे जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे दोन्ही वेळा गप्प बसण्यात नुकसान आपलंच.

आणि बाई गप्प का बसते ते आपल्याला माहीत आहे. ‘नवरा रागावेल, फोन काढून घेतील, गटात हसतील.’ म्हणून गटानं आधीच ठरवायला हवं, की जी सांगेल तिला हसायचं नाही. कर्जाचा हप्ता चुकलेल्या बाईच्या घरी आपण जातो, तसंच इथेही तिच्याबरोबर बँकेत जायचं. चोराची भिस्त आपल्या अज्ञानावर असते, त्याहून जास्त आपल्या लाजेवर असते.

शेवटची गोष्ट हक्काची. कुणी म्हणेल, गरिबाकडे लपवण्यासारखं आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं, की खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी तो दावा लावला होता. त्यानंतर २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. माहिती घेणाऱ्यानं ती कशाला हवी ते सांगावं, दिलेली संमती आपल्याला परत घेता यावी, असं त्या कायद्यात आहे. म्हणून आधार मागणाऱ्याला ‘कशाला हवंय?’ असं विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

पुढच्या बैठकीत प्रोसिडिंगमध्ये एक विषय घ्या: ‘आपल्या फोनची दारं’. प्रत्येकीनं आपल्या फोनला लॉक लावायचं. नको ती ॲप काढायची. सेटिंगमध्ये जाऊन कुठलं ॲप काय काय बघतंय ते एकमेकींना दाखवायचं. १९३० हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आणि घराच्या भिंतीवर लिहायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून तो पाठ करून घ्यायचा: एक, नऊ, तीन, शून्य. दरवाजा लागला की मग मोरीचं बघू. कुणाला स्टेशनवर, प्रशिक्षणाला वायफाय लागत असेल तर तिनं विचार करून चांगलं व्हीपीएन जरूर घ्यावं.

तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर नमस्कार.